आपलं आपल्याला न दिसणारं कसं विचारावं

‘माझं काही चुकतं का?’ असं विचारलं की ‘छे हो, छान चाललंय’ हेच उत्तर येतं. प्रश्न नेमका हवा: ‘कालच्या मीटिंगमध्ये मी कुणाला मध्येच तोडलं का?’

१९५५ मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम यांनी मांडलेल्या ‘जोहरी खिडकी’चे चार कप्पे आहेत: आपल्याबद्दल आपल्याला काय दिसतं आणि इतरांना काय दिसतं, यावरून पाडलेले. इतरांना दिसतो, आपल्याला नाही, तो कप्पा इथे उघडायचाय.

चार माणसं निवडा: एक वरिष्ठ, दोन बरोबरीचे, एक हाताखालचा. नुसते मित्र नकोत. प्रश्न दोन दिवस आधी सांगा आणि एकेकट्याला गाठा. ऐरोलीहून परतताना ठाणे लोकलमध्ये नको, डब्यात निम्मं ऑफिस असतं! खालची चहाची टपरी बरी. अप्रेझलच्या तोंडावर तर मुळीच नको. तेव्हा खरं कोण बोलणार?

उत्तर ऐकताना ‘पण त्याचं कारण...’ सुरू केलंत की पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही. ‘एखादा प्रसंग सांगाल?’ एवढंच विचारा आणि शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. दोघांनी वेगवेगळं भेटून तेच सांगितलं तर ती सवय धरा. एकानेच सांगितलं तर नुसती नोंद ठेवा. एका वेळी एकच सवय. महिन्याभराने त्याच चौघांना तोच प्रश्न पुन्हा विचारा.