महागडी दुर्बीण वॉरंटीत दुरुस्त कशी करून घ्यावी

लाख-दोन लाखांची दुर्बीण बिघडली की पहिला मोह होतो तो ओळखीच्या कॅमेरा रिपेअरवाल्याकडे नेण्याचा. तेवढं करू नका. या दुर्बिणींच्या नळ्यांत नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून त्या रबरी ओ-रिंगांनी बंद केलेल्या असतात. एकदा उघडलं की वायू जातो, दमट हवा आत शिरते आणि स्क्रूच्या खाचेवर उमटलेला ओरखडा कंपनीच्या माणसाला लगेच दिसतो. वॉरंटी तिथेच संपते.

आधी बिघाड खरा आहे का ते बघा

फोकसचं चाक करकरतंय किंवा आयकप (डोळ्याला टेकणारी फिरती कडी) अडकतोय, असं असेल तर बहुतेक वेळा दोषी असते ती वाळू किंवा वाळलेला चिखल. भिगवणच्या होडीतून किंवा कोकणातल्या किनाऱ्यावरून आल्यावर हे हमखास होतं. वॉटरप्रूफ दुर्बीण असेल तर नळाच्या हलक्या धारेखाली धरा, मऊ ब्रशने कडा साफ करा. बऱ्याच वरच्या मॉडेलचे आयकप फिरवून पूर्ण निघतात. ते वेगळे धुवून पुसून बसवा. आयकप तुटलाच असेल तरी अख्खी दुर्बीण पाठवू नका, सुटा भाग मागवा.

काचेवर धुकं दिसतंय? बोटाला फडकं गुंडाळून पुसून बघा. एसी गाडीतून पावसाळी हवेत उतरल्यावर बाहेरच्या काचेवर वाफ धरते, तो दोष नव्हे. पुसूनही धुकं तसंच राहिलं तर ते आत आहे, म्हणजे ओ-रिंग गेली. हा दावा सहसा पक्का.

एका दृश्याची दोन दिसतात किंवा दहा मिनिटांत डोकं दुखतं, तेव्हा शंका प्रिझमची, म्हणजे नळीच्या आत प्रकाश वळवणाऱ्या काचेची. दुर्बीण भिंतीवर किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवा आणि शंभर-दोनशे मीटरवरच्या आडव्या विजेच्या तारेवर रोखा. डायॉप्टर (एका डोळ्यापुरता फोकस जुळवणारी कडी) आधी नीट लावून घ्या: उजवी नळी झाकून चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस, मग डावी झाकून फक्त डायॉप्टरने उजव्याचा. आता डोळे आयकपपासून पंधरा-वीस सेंटिमीटर मागे न्या. दोन गोल वेगळे दिसतील. दोन्हींत तार एकाच उंचीवर हवी. एकात वर, एकात खाली असेल तर दोन नळ्यांची समांतरता बिघडली आहे. आडव्या दिशेचा थोडा फरक डोळे सांभाळून घेतात, उभ्या दिशेचा नाही. म्हणून परीक्षेला आडवीच तार.

आतले एक-दोन धूलिकण चित्रात दिसत नाहीत आणि कंपन्याही ते दोष मानत नाहीत. त्यासाठी दुर्बीण परदेशी धाडणं म्हणजे उगाच धोका पत्करणं.

वॉरंटीत काय बसतं

वॉरंटी साहित्यातल्या आणि जोडणीतल्या दोषासाठी असते. आपटलेली दुर्बीण, घासलेलं कोटिंग (काचेवरचा पातळ लेप), झिजलेलं रबर त्यात सहसा येत नाही. बुरशीचंही तसंच: ती साठवणुकीचा परिणाम धरली जाते, आणि सह्याद्रीतल्या पावसाच्या चार महिन्यांत कपाटात बंद केसमध्ये ठेवलेल्या दुर्बिणीला ती धरतेच. लवकर पाठवली तर काच स्वच्छ होते; बुरशीच्या आम्लाने कोटिंग खाल्लं की काच बदलावी लागते, तीही खिशातून.

अटी कंपनीगणिक बदलतात. अमेरिकेतल्या व्होर्टेक्सची हमी आयुष्यभराची असून नव्या मालकाकडेही जाते, तिला पावती लागत नाही. इतर अनेकांना मात्र तारखेची पावती आणि विक्रेत्याचा शिक्का लागतो, आणि दुर्बीण ज्या देशात घेतली तिथल्याच अटी लागू होतात. दुबईच्या भावाने आणलेली दुर्बीण भारतातला वितरक नाकारू शकतो. खरेदी भारतातली असेल तर सुरुवात वितरकापासूनच करा. पुढे ऑस्ट्रियातल्या आब्जामला (स्वारोव्स्की) किंवा जर्मनीतल्या वेत्स्लारला (लायका, झाइस) पाठवण्याची कटकट त्याची.

पत्र कसं लिहावं

‘नीट दिसत नाही’ असं लिहिलं की उत्तरादाखल चार प्रश्न येतात आणि आठवडा जातो. असं लिहा: ‘उजवी नळी. डोळ्याकडून पाहता घड्याळातल्या चारच्या जागी, आतल्या बाजूने धुकट ठिपका. थंडीत वाढतो, उन्हात कमी होतो. दुर्बीण पडलेली नाही, उघडलेली नाही.’ सोबत सीरियल नंबर, पावतीचा फोटो, दोषाचे दोन फोटो. नंबर बहुधा दोन नळ्या जोडणाऱ्या बिजागरीच्या टोकाला किंवा नळीच्या खालच्या अंगाला कोरलेला असतो. पडली असेल तर तसं सांगा. आतल्या खुणा खोटं पकडून देतात. शेवटी एक ओळ हवीच: वॉरंटीबाहेरचा खर्च निघाला तर माझ्या लेखी होकाराशिवाय काम सुरू करू नये.

बांधणी

पट्टा, केस, झाकणं काढून घरी ठेवा. दोष त्यांत नसेल तर पाठवून उपयोग नाही, वाटेत हरवतात. अंतर मोजणारं मॉडेल असेल तर लिथियम सेल काढा, नाहीतर कुरिअर पार्सल अडवेल. आयकप आत फिरवा, दुर्बीण बबल रॅपमध्ये गुंडाळून छोट्या खोक्यात ठेवा. ते खोकं मोठ्या खोक्यात, सगळीकडून निदान पाच सेंटिमीटर भरणी. हलवल्यावर आतून आवाज आला तर पुन्हा बांधा. पूर्ण किमतीचा विमा घ्या.

स्वतः परदेशी पाठवत असाल तर

इथे लोक हमखास फसतात. कुरिअरवाला सवयीने ‘भेटवस्तू’ किंवा ‘नमुना’ लिहितो आणि किंमत नाममात्र दाखवतो. मग दुरुस्त होऊन परत येताना ती तुमचीच जुनी वस्तू आहे हे सिद्ध करायला कागदच नसतो, आणि पूर्ण आयात शुल्क बसतं. निर्यातीच्या शिपिंग बिलावर (कस्टमला द्यायचा कागद) ‘दुरुस्तीसाठी, परत येणार’ असं आणि सीरियल नंबर, दोन्ही हवेत. तीच वस्तू मुदतीत परत आली तर शुल्क दुरुस्तीचा खर्च आणि दोन्ही बाजूंची वाहतूक व विमा यांवरच लागतं. काम फुकट झालं असलं तरी त्याची वाजवी किंमत धरली जाते. म्हणून कंपनीला सांगा, परतीच्या बीजकावर शून्य नको आणि अख्ख्या दुर्बिणीची किंमतही नको. फक्त कामाची किंमत, ‘सीमाशुल्कासाठी’ अशी नोंद करून.

एक खाच आणखी: कंपनीने जुनी ठेवून नवी दिली तर सीरियल नंबर बदलतो, ‘तीच वस्तू’ राहत नाही आणि सवलत जाते. बदलून देण्याआधी विचारा, असं पत्रातच लिहा. स्वतः विमानाने नेणार असाल तर जातानाच विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. उतरताना मागून मिळत नाही.

परत आल्यावर

खोकं उघडतानाचा व्हिडिओ घ्या आणि त्याच दिवशी तीच तार, तीच परीक्षा. फोकस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा, बिजागरीचा ताण तपासा, काय काय बदललं ते कामाच्या कागदावर वाचा. तक्रार असेल तर लगेच कळवा. महिन्याने कळवलं तर नवा दोष ठरतो. भारतातल्या विक्रेत्याने खरा दावाही टोलवला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा. ग्राहक आयोगाकडे जायला 2019 च्या कायद्यात कारण घडल्यापासून दोन वर्षं आहेत, तेव्हा ‘बघतो, सांगतो’च्या ईमेल तारखेसकट जपून ठेवा.