आपलं रोजचं काम आश्रयार्थींच्या कामी कसं आणावं

पुण्यात शिकायला आलेल्या परदेशी मुलांपैकी काहींचा परतीचा रस्ता शिकता शिकताच बंद होतो. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या ताब्यात गेलं, तेव्हा इथल्या अफगाण विद्यार्थ्यांवर हीच वेळ आली होती. अशा माणसाला कपडे आणि धान्य देणारे हात पुण्यात पुष्कळ आहेत. चारचौघांत न बोलता त्याचा कागद नीट लावून देणारे कमी पडतात. मी शनिवारी सकाळी तेच काम करते, म्हणून त्याबद्दल लिहिते आहे.

१. आधी कोण कुठे उभं आहे ते समजून घ्या. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांचं सरकार पाहतं. अफगाणिस्तान, म्यानमार, सोमालिया अशा देशांतून आलेल्यांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, म्हणजे यूएनएचसीआर करते. तिचं मुख्य कार्यालय दिल्लीत आहे. नोंदणी, मग मुलाखत, मग निर्णय. दावा मान्य होईपर्यंत तो माणूस आश्रयार्थी, मान्य झाल्यावर निर्वासित. ही सगळी प्रक्रिया मोफत आहे. मध्येच कुणी दलाल पैसे मागत असेल, तर हे एक वाक्य सांगणं हीच मोठी मदत.

२. रोज जे करता तेच द्या. ‘काहीही लागलं तर सांगा’ म्हटलं की कुणीच काही सांगत नाही. ‘शनिवारी ११ ते १, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि एक्सेल’ असं म्हणा. तुम्ही हिशेब पाहत असाल तर हिशेब शिकवा, शिक्षक असाल तर इंग्रजी. डॉक्टर असाल तर तपासणीइतकीच गरज रिपोर्ट समजावून सांगणाऱ्याची असते. दरी (अफगाणिस्तानात बोलली जाणारी फारसी) किंवा अरबी येत असेल तर तुमची फारच गरज आहे. दवाखान्यात आईचं दुखणं दहा वर्षांच्या मुलीला सांगायला लागू नये. मराठीच येत असली तरी सुरुवात होते: कागद, तारीख, हजर हे शब्द फारसीतूनच आपल्याकडे आलेत. दरी बोलणारा ते ऐकून हसतो, आणि अवघडलेपण थोडं सैल होतं.

३. संस्थेमार्फत जा. एकट्याने सुरू केलेलं काम तुमची बदली झाली की थांबतं. घरबसल्या करायचं असेल तर संयुक्त राष्ट्रांचा यूएन व्हॉलंटियर्स हा उपक्रम ऑनलाइन कामं देतो. निर्वासित विद्यार्थ्यांसाठी डाफी नावाची पदवी शिष्यवृत्ती १९९२ पासून आहे. अशा अर्जांना शांतपणे वाचणारा दुसरा डोळा लागतो.

४. कागदाला हात लावताना थांबा. इथे मला जास्त बोलायचं आहे. अफगाण ओळखपत्रावर, म्हणजे तझकिऱ्यावर, बऱ्याचदा जन्मतारीख नसते. ‘१३८५ साली वय ५ वर्षं’ एवढंच असतं. हे वर्ष त्यांच्या सौर पंचांगातलं. म्हणजे जन्म १३८० चा, आणि ते वर्ष आपल्या मार्च २००१ पासून मार्च २००२ पर्यंत चालतं. पासपोर्टवर मात्र १ जानेवारी छापलेलं. फॉर्म भरताना आपला हात लगेच ‘दुरुस्ती’ करायला जातो. करू नका. दोन कागदांवर दोन तारखा असतील तर तशाच ठेवा, बाजूला रूपांतर लिहा आणि संस्थेला विचारा. आपण सरळ केलेली तारीख उद्या मुलाखतीत त्याच्याच अंगावर येऊ शकते.

तसंच, गुणपत्रिका साक्षांकित करायला त्याच्या देशाच्या दूतावासात पाठवू नका. आपल्याला ती कामाची सवय वाटते, पण त्याला ज्या सरकारची भीती आहे त्यालाच त्याचा पत्ता कळतो. फोटो, कार्डाची प्रत, नाव यांतलं काहीही व्हॉट्सअपवर फिरवू नका.

५. दाव्याची हकिकत लिहून देऊ नका. ती त्याच्याच शब्दांत राहू दे. यूएनएचसीआरचं कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, त्यामुळे व्हिसा आणि राहण्याच्या परवानगीचे प्रश्न वकिलाकडेच न्या. शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नोकरी लावून देतो, परदेशी पाठवतो असा शब्द चुकूनही देऊ नका.

६. वेळ पाळा आणि सोडतानाही सांगा. ज्याचं सगळंच अनिश्चित आहे त्याच्यासाठी तुमचं ११ म्हणजे ११ असणं महत्त्वाचं. थांबायचं झालं तर दोन आठवडे आधी सांगा. कोणता अर्ज कुठवर आलाय, कोणत्या कागदाची वाट पाहायची आहे, हे एका पानावर लिहून पुढच्या माणसाच्या हातात द्या. मूळ कागद मात्र त्याचे त्याला त्याच दिवशी परत करा.