घरी पैदाशीसाठी माशाची जात निवडताना
घरच्या टाकीत पैदास करताना खरी अडचण अंडी मिळण्याची नसून पहिल्या आठवड्यात पिल्लांना काय खाऊ घालावे ही असते. म्हणून माशाच्या रंगाआधी त्याच्या पिल्लाचे तोंड किती लहान असते, हे पाहावे. गप्पी, प्लॅटी आणि मॉली हे मासे अंडी न घालता थेट पिल्ले देतात; ही पिल्ले जन्मतःच पोहतात व बारीक चुरलेले कोरडे खाद्य खातात, त्यामुळे सुरुवात यांच्यापासूनच करावी. अंडी घालणाऱ्या गुरामीच्या पिल्लांचे तोंड फार लहान असल्याने त्यांच्यासाठी मात्र इन्फुसोरिया (पाण्यातील अतिसूक्ष्म जीव) अंडी मिळण्यापूर्वीच तयार ठेवावा लागतो. गप्पी, प्लॅटी, मॉली ठेवताना एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात.

प्लॅटी आणि तिच्या जवळची जात असलेला स्वोर्डटेल मासा यांचा संकर होतो, म्हणून शुद्ध वाण हवा असल्यास त्यांना एकत्र ठेवू नये. शिवाय थेट पिल्ले देणाऱ्या या जातींची विकत आणलेली मादी आधीच्या नराचे वीर्य काही महिने साठवू शकत असल्याने तिची पहिली पिल्ले आपल्याच नराची आहेत, असे गृहीत धरू नये.