मॉलमध्ये पर्यावरणाचं काम करायचंय? आधी तळघरात उतरा

पुण्यातल्या एका मॉलच्या फॅसिलिटी विभागात रुजू झालो तेव्हा डोक्यात सोलर पॅनल होते. पहिला महिना गेला तळघरातल्या कचराखोलीत. या क्षेत्रात येणाऱ्यांनी सुरुवात तिथूनच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

2016च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना वेगळ्या गटात टाकलं आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. फूड कोर्ट असलेला मोठा मॉल त्यात येतोच. आमच्याकडे कंपोस्टचं यंत्र होतं, पण खताला घाण वास यायचा, अळ्या पडायच्या. मी यंत्र पुरवणाऱ्यांना मेल करत बसलो. शेवटी कचरा वेगळा करणाऱ्या मावशी मला पिंपापाशी घेऊन गेल्या. ‘‘साहेब, आत बघा ना.’’ उष्ट्या पावभाजीत सॉसच्या पुड्या, ग्लासांची झाकणं आणि तळाला वीतभर कोल्ड्रिंक. मावशी फाटक्या हातमोज्यांनी एकेक झाकण वेचत होत्या. यंत्रात जाणारा माल ओलाचिंब होता, एवढंच दुखणं. ट्रे परत करायच्या जागी उरलेलं पेय ओतायला जाळी लावलेलं सिंक बसवलं, यंत्रात लाकडाचा भुसा वाढवला. वास गेला. हातमोजे मात्र त्याआधी, दुसऱ्याच दिवशी आणले.

विजेचा मोठा वाटा एसीचा. एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र म्हणजे चिलर; त्याच्या ऑपरेटरच्या शेजारी आठवडाभर बसा, लॉगबुक वाचा. मॉल बंद व्हायच्या अर्धा तास आधी चिलर थांबवला तरी पाइपातल्या थंड पाण्यावर वेळ निभावते, हे मला ऑपरेटरकाकांनी शिकवलं. पुढे बीईईची, म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची, परीक्षा जरूर द्या: एनर्जी मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला चार. पण दुकानातले दिवे दुकानदाराच्या हातात असतात, म्हणून भाडेकरार वाचायलाही शिका. नव्या माणसाला हे कुणी सांगत नाही.

आणि माणसं. एकदा फायर एक्झिटच्या जिन्यात पुठ्ठा अंथरून डबा खाणाऱ्या चार सेल्सगर्ल दिसल्या. दिवसभर उभं राहून त्यांचे पाय सुजले होते. केरळने 2018मध्ये आणि तमिळनाडूने 2021मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्याने बंधनकारक केलं. ज्या इमारतीत राबणाऱ्याला टेकायला जागा नाही, तिला पर्यावरणाचं प्रमाणपत्र मिळालं तरी मी शाश्वत म्हणणार नाही. खूप पाठपुरावा करून तळमजल्यावरची एक रिकामी गोदामखोली आम्ही मिळवली. तिथे आता पंखे, पिण्याचं पाणी आणि बाकं आहेत. प्रत्येक दुकानात स्टूल ठेवण्याची अट करारात घालायला व्यवस्थापन अजून राजी नाही. मार्चमध्ये काही करारांचं नूतनीकरण आहे, तेव्हा ती पुन्हा मांडणार आहे.