असेंबल केलेला जुना पीसी विकताय? किंमत ठरवताना या चुका टाळा

माझा पहिला असेंबल केलेला पीसी विकायला काढला तेव्हा सगळी बिलं टेबलावर पसरली, बेरीज केली, तीन वर्षं वापरला म्हणून चाळीस टक्के वजा केले आणि आला तो आकडा जाहिरातीत टाकला. तीन आठवडे एकही फोन नाही. चौथ्या आठवड्यात एक मुलगा आला, कॅबिनेटच्या काचेतून आत डोकावला आणि म्हणाला, "दादा, हे दिवे सोडले तर यात दोनच वस्तू कामाच्या आहेत." कोणत्या दोन, तेही त्यानं अचूक सांगितलं. त्या दिवसापासून मी बिलांची बेरीज करणं सोडलं.

चूक पहिली: बिलावरून उलटं मोजत येणं

तुम्ही तेव्हा काय मोजलं याच्याशी घेणाऱ्याला काही देणंघेणं नसतं. एवढंच काम करणारा पीसी आज नवा घेतला तर कितीला पडेल, हा त्याचा हिशेब. त्याहून बऱ्यापैकी स्वस्त मिळालं तरच तो वॉरंटी नसल्याची जोखीम घेतो.

याचं ठळक उदाहरण २०२० सालचं. आरटीएक्स २०८० टीआय हे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचं चित्र तयार करणारा भाग) २०१८ मध्ये ९९९ डॉलर आणि त्याहून वरच्या किमतीला आलं होतं. १ सप्टेंबर २०२० रोजी ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियानं आरटीएक्स ३०७० जाहीर केलं: किंमत ४९९ डॉलर, आणि दावा असा की हे २०८० टीआयपेक्षाही वेगवान. झालं, जुनी कार्डं बाळगणाऱ्यांची तारांबळ उडाली आणि कित्येकांनी मिळेल त्या भावात ती फुंकून टाकली. पुढे गंमत अशी की नवी कार्डं दुकानांत मिळेचनात. टंचाई आणि क्रिप्टो मायनिंग (अशी कार्डं राबवून आभासी चलन मिळवणं) यांमुळे २०२१ मध्ये वापरलेल्या कार्डांचे भाव पुन्हा चढले आणि घाईनं विकणारे हात चोळत बसले. म्हणून तुलना करायची ती आज पैसे टाकून आज हातात पडणाऱ्या मालाशी, घोषणेतल्या किमतीशी नाही. उलटा झटकाही बसतो. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाच्या नेटवर्कनं मायनिंगची पद्धतच बंद केली आणि मायनिंगमधून निघालेली कार्डं ढिगानं विक्रीला आली.

चूक दुसरी: सगळ्या भागांना एकच घसारा लावणं

दर वर्षाला अमुक टक्के कापायचे, हे गणित हिशेबाच्या वहीत शोभतं. पीसीतला प्रत्येक भाग आपापल्या गतीनं उतरतो, आणि कधीकधी उतरतच नाही. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमच्या किमती भडकल्या. तेव्हा सवयीनं "जुनी रॅम, निम्म्यात देऊ" म्हणणाऱ्यांनी स्वतःच्याच खिशाला कात्री लावली.

प्रोसेसरचंही तसंच. एखाद्या सॉकेटवर (मदरबोर्डवरच्या प्रोसेसरच्या जागेवर) बसणारा सगळ्यात वेगवान प्रोसेसर भाव टिकवून धरतो, कारण मदरबोर्ड न बदलता वेग वाढवायचा तर तोच शेवटचा पर्याय. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी हा गेमिंगपुरता याचा नमुना: डीडीआर४ ही आधीच्या पिढीची रॅम आणि जुना बोर्ड तसाच ठेवू पाहणारे त्याच्याच शोधात असतात. याउलट पुढच्या सॉफ्टवेअरनं दार बंद केलं की चांगला प्रोसेसरही अडकतो. इंटेलचा कोअर आय७-७७००के आजही रोजची कामं मुकाट्यानं करतो, पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घेणारा हे वाचूनच आलेला असतो.

हिशेब मांडून बघा. समजा, एकूण खर्च १०० धरला. त्यात ग्राफिक्स कार्ड ३८, प्रोसेसर १८, मदरबोर्ड ११, रॅम ८, एसएसडी (फायली साठवणारा ड्राइव्ह) ७, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) ७, आणि कॅबिनेट, पंखे, दिवे मिळून ११. आज बाजारात प्रत्येक भाग सुटा कितीला जातो ते बघितलं तर चित्र साधारण असं निघेल: कार्ड १७, प्रोसेसर ८, बोर्ड ५, रॅम ६, एसएसडी ३, एसएमपीएस २, कॅबिनेटचा सगळा थाट २. बेरीज ४३. अख्खा संच एकाच माणसाला द्यायचा तर त्यातले आणखी पाच-सहा सोडावे लागतात, कारण त्याला सगळंच हवं असतं असं नाही. दिव्यांवर आणि रंगीत केबलींवर खर्चलेला पैसा परत येत नाही, हे मनाला लागतं खरं. वॉटर कूलिंगमुळे तर काही जण उलट बिचकतात, कारण पंप किती चालला आणि किती चालेल हे बाहेरून कळत नाही.

भाव बघताना लोक एक गफलत हमखास करतात: जाहिरातींतले आकडे धरून चालतात. तो विकणाऱ्याचा हट्ट झाला. दोन महिने तीच जाहिरात तिथेच असेल तर त्या भावाला वस्तू जात नाही, एवढंच त्यातून कळतं. व्यवहार पूर्ण झालेल्या किमती बघा.

चूक तिसरी: "सगळं व्यवस्थित चालतंय" एवढ्यावर भागवणं

दुसऱ्या पीसीच्या वेळी किंमत नीट काढली होती, तरी फसलो. घेणाऱ्यानं टास्क मॅनेजर उघडला, मेमरीच्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "रॅम ३२०० ची म्हणालात ना? इथं २१३३ दिसतंय." मला घाम फुटला. झालं होतं एवढंच की आठवड्यापूर्वी बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगानं चालवणारं सेटिंग, आपोआप बंद पडलं होतं. बायोसमध्ये जाऊन चालू करायला मिनिटभर लागलं असतं, पण त्याच्या मनात शंका शिरली ती शिरलीच आणि भाव खाली आला. आणि ३२०० वर चालणारी रॅम सीपीयू-झेड या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये १६०० दाखवते, कारण डीडीआरमध्ये घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा डेटा जातो. हेही आधी सांगून ठेवलेलं बरं.

एसएसडीच्या बाबतीत ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरचा स्क्रीनशॉट पुरतो. १ टीबीच्या सॅमसंग ९७० ईव्हो प्लसला ६०० टीबी लेखनाची हमी होती. त्यातलं ४० टीबी वापरलं असेल तर "जुनी आहे" या कुरकुरीला तोंड देता येतं. ग्राफिक्स कार्डासाठी त्याची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड सॉफ्टवेअरचं पान आणि अर्धा तास लोड देऊन घेतलेलं तापमान पुढे ठेवा. कार्ड मायनिंगला वापरलं असेल तर सांगून टाका, लपवलेलं उघडं पडलं की सौदाच मोडतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष निघाला होता. ऑगस्ट २०२४ पासून त्यासाठी मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणाऱ्या प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या) आले आणि इंटेलनं वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस केव्हा अपडेट केलं होतं हे इथं नक्की विचारलं जाईल, कारण आधीच झालेली झीज अपडेटनं भरून निघत नाही.

खोकी आणि बिलं जपली असतील तर उत्तमच. पण त्याहून महत्त्वाच्या मॉड्युलर (केबली काढता-लावता येणाऱ्या) एसएमपीएसच्या सुट्या केबली. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावली तर ड्राइव्ह जळू शकतो, म्हणून केबली हरवलेला एसएमपीएस कुणी हातात धरत नाही.

किंमत टाकली, आता काय बिघडलंय?

तासाभरात दहा फोन आले तर भाव कमी लावलाय. पहिल्याला शब्द देऊ नका, दिवसभर थांबा. आठवडाभर सामसूम असेल तर जास्त लावलाय, किंवा जाहिरातीत "आय७, गेमिंग, एकदम टकाटक" असलं काहीतरी लिहून मॉडेल नंबरच टाकलेला नाही. नुसत्या "आय७" मध्ये दहा-पंधरा वर्षांचे प्रोसेसर येतात. माणसं येतात, बघतात आणि "कळवतो" म्हणून जातात, तेव्हा खोट बहुधा किमतीत नसते: धूळ, पंख्याची घरघर, नाहीतर माझ्यासारखं एक्सएमपी.

सगळे फक्त कार्डच मागतात, हा प्रकारही नेहमीचा. सुटं विकून एकूण पैसे जास्त मिळतात, पण आधी प्रोसेसर तपासा. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल किंवा तो रायझन ५ ५६००एक्ससारखा असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड गेलं की उरलेला संच स्क्रीनवर काहीच दाखवणार नाही, आणि पुढच्या घेणाऱ्याला तो चालतो हे पटवायचं कसं? कार्ड देण्याआधी सगळ्या चाचण्यांचा व्हिडिओ करून ठेवा, नाहीतर कुणाकडून एखादं जुनंपुराणं कार्ड मागून आणा. माझ्याकडे यासाठीच पंखासुद्धा नसलेलं एक कार्ड खोक्यात पडून आहे. ते मात्र अजून कुणी मागितलेलं नाही.