मूल घरी येण्याआधी भेटीचा वार विचारून घ्यावा

पुढच्या महिन्यात आमच्या घरी प्रतिपालकत्वाखाली, म्हणजे दत्तक न घेता काही काळ सांभाळण्यासाठी (फॉस्टर केअर), दुसरे मूल येणार आहे, म्हणून ही यादी लिहायला घेतली. पहिल्या वेळी आम्ही पलंग घेतला, खोलीला पिवळा रंग दिला, अभ्यासाचे टेबल आणले, फायलीला रंगीत चिठ्ठ्या लावल्या, आणि एक प्रश्न विचारायचा विसरलो. त्यापायी नऊ वर्षांच्या मुलाचे पहिले दोन महिने वाईट गेले. तो प्रश्न असा: हे मूल आजवर कोणाला, कोणत्या वारी, किती वाजता आणि कुठे भेटत होते? या यादीत तो पुन्हा पुन्हा येईल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी बाकीचे गाळावे, एवढे गाळू नये.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षात, म्हणजे हे काम पाहणाऱ्या जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयात, छापील मिळते. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होता येते, मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी देत नाहीत. जोडप्याचा संसार किमान दोन वर्षे स्थिर असावा लागतो. पोलीस पडताळणी, वैद्यकीय दाखले, उत्पन्नाचा पुरावा, ओळखीच्या माणसांची नावे, गृहचौकशी या साऱ्याच्या झेरॉक्स प्रतींचे दोन संच करावेत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेखाली मुलामागे महिना 4000 रुपये मिळतात, पण ते पहिल्या महिन्यापासून हातात येतील असे धरून घरखर्च आखू नये. आम्ही तसा आखला होता. आपल्या राज्याची बालसंगोपन योजना निराळी आहे. कार्यालयातही दोन्ही नावे एकमेकांत मिसळून बोलली जातात, तेव्हा अर्ज नेमका कशाचा भरत आहोत हे शीर्षक वाचून पाहावे.

दत्तक घेण्याची आशा मनात धरून या वाटेला येणाऱ्यांनी एकदा थांबून विचार करावा. पूर्वी प्रतिपालकाकडे पाच वर्षे काढल्यावर दत्तकाचा विचार होत असे, आता ती मुदत दोन वर्षांवर आली आहे. पण ती ज्यांना कायदा दत्तकासाठी मोकळे मानतो त्या मुलांपुरतीच. बहुतेक मुलांना आई, मामा, आजी असे कोणीतरी असते, आणि घरची घडी बसली की बाल कल्याण समिती (अशा मुलांविषयी निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) त्यांना परत पाठवू शकते. हे पटत नसेल तर अर्ज करू नये.

आता मूळ मुद्दा. पहिल्या रविवारी मुलगा सकाळी दहालाच आंघोळ करून, पायात बूट घालून दाराशी जाऊन बसला. आम्हाला वाटले, पळून जाण्याच्या विचारात आहे. मी वरची कडी लावली. आज ते आठवले की मान खाली जाते. पुढच्या रविवारीही तसेच. बुटांच्या नाड्या त्याला नीट बांधता येत नसत, तरी त्या दिवशी तो दोन-दोन गाठी मारून बसायचा आणि जेवायला हाक मारली तरी बूट काढायचा नाही. पाचव्या रविवारी त्याने माझ्या मुलीला हळूच विचारले, "ताईला या घराचा पत्ता माहीत आहे का?" तेव्हा कळले की त्याची बारा वर्षांची सख्खी बहीण दुसऱ्या तालुक्यातील मुलींच्या बालगृहात आहे आणि महिन्यातून दोन रविवारी अकरा वाजता तिला त्याच्या भेटीला आणत असत. कोणते दोन, हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून तो प्रत्येक रविवारी तयार होऊन बसत होता. मुलगा आधी ज्या संस्थेत राहत होता तिथे मी फोन केला, तेव्हा तिथले अधीक्षक म्हणाले, "तुम्ही विचारलंच नाही." आणि ते खरेच होते. बहिणीचा उल्लेख फायलीत होता, भेटीचा नव्हता, आणि मी फाईल वाचून माणसांना काही विचारायचे सोडून दिले होते. भेटीची परवानगी, गाडीची सोय आणि दोन्ही संस्थांचे पत्रव्यवहार होईपर्यंत आणखी तीन आठवडे गेले. तोवर तिकडे बहिणीची समजूत झाली होती की भाऊ नव्या घरात जाऊन तिला विसरला.

म्हणून, मूल घरी आणण्यापूर्वी कोऱ्या कागदावर चार रकाने आखावेत: कोण, कोणत्या वारी, कुठे, आणि भेट चुकली तर फोन कोणाला करायचा. भावंडे, आई-वडील, आजी, शिवाय संस्थेतील जिवलग मित्र आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशीसुद्धा त्यात याव्यात. हा कागद अधीक्षकांना विचारून भरावा, मग मुलाला विचारून भरावा, कारण दोघांची उत्तरे जुळत नाहीत. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 44 मध्ये भावंडांना शक्यतो एकाच कुटुंबात ठेवावे असे म्हटले आहे, आणि मुलाच्या हिताआड येत नसेल तर पालकांच्या भेटीला समिती ठराविक काळाने परवानगी देऊ शकते असेही त्याच कलमात आहे. तेव्हा भेटीचे वार मागताना आपण कोणाकडे उपकार मागत नाही. समितीच्या आदेशातच भेटीचा उल्लेख करून घ्यावा. तोंडी "बघू" म्हटले तर खुर्चीवरून उठू नये.

प्रशिक्षणाला जाताना वही न्यावी आणि प्रश्न लिहून न्यावेत. आमचे प्रशिक्षण अर्ध्या दिवसात उरकले, त्यातला बराच वेळ नमुने भरण्यात आणि चहात गेला. कायदा समजावणारे असतात. रात्री अडीच वाजता रडत उठलेल्या मुलाशी काय बोलावे हे सांगणारे आपणच शोधावे लागतात. किमान तीन गोष्टी विचारल्याशिवाय परतू नये. पहिली, मुलाने पूर्वीच्या अत्याचाराविषयी काही सांगितले तर काय करायचे. याचे उत्तर आधीच सांगून ठेवतो: उलटतपासणी करू नये, त्याच्याच शब्दांत तारीख घालून लिहावे आणि लगेच कळवावे, लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. दुसरी, दवाखान्यात शस्त्रक्रियेसाठी किंवा शाळेच्या सहलीसाठी सही कोणी करायची. तिसरी, भेटी. प्रशिक्षणात भेटींचा विषय कोणी काढला नाही तर आपण काढावा.

घराची तयारी लोक हौसेने करतात, म्हणून त्यात फार शिरत नाही. गादीवर मेणकापड घालावे आणि त्याविषयी एक शब्दही बोलू नये. स्वतंत्र खोली देण्याची घाई करू नये, कारण वीस जणांच्या दालनात झोपलेल्या मुलाला बंद दाराची शांतता भीतिदायक वाटते. आपल्या मुलांना आधी विश्वासात घ्यावे. आमच्या मुलीला आम्ही फक्त "पाहुणा येणार" एवढे सांगितले होते, आणि तिसऱ्या आठवड्यात तिने विचारले की पाहुणा कधी जाणार, तोही त्याच्या देखत. घरातील ज्येष्ठांना बजावून ठेवावे की "बिच्चारा" हा शब्द चालणार नाही. आणि फोटो! नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर मुलाचा फोटो, नाव, शाळा यांपैकी काहीही टाकू नये. बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 नुसार ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आमच्या आत्याबाईंनी गणपतीतला फोटो टाकला होता, तो काढून टाकायला लावताना जी वादावादी झाली ती टाळता आली असती.

मुलाने काय हाक मारायची हे त्याच्यावर सोडावे. आमच्याकडे काका-मावशी होते, आठ महिने तेच राहिले, त्यात काही उणे नव्हते. उशीखाली पोळ्या सापडल्या तर ओरडू नये, स्वयंपाकघरात त्याच्या हाताला येईल असा एक डबा ठेवावा आणि तो कधी रिकामा राहू देऊ नये. हात उगारणे तर मुळीच नाही, हे वेगळे लिहायची वेळ येऊ नये.

शाळेसाठी जुन्या शाळेचा दाखला मागावा, पण तो उशिरा मिळतो म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात 2009 पासून आहे; मुख्याध्यापकांना नम्रपणे आणि लेखी सांगावे. मुलाचे आडनाव बदलू नये. वर्गशिक्षिकेला आधी भेटून सांगावे की हजेरी घेताना किंवा पालकसभेत "तुझे बाबा कुठले मग?" असा प्रश्न नको. दवाखान्यासाठी लसीकरणाचे कार्ड, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे का. बस. हो, आणि शाळेचे वेळापत्रक व शिकवण्या ठरवताना भेटीचा वार मोकळा ठेवावा. रविवारच्या सकाळी चित्रकलेचा वर्ग लावून आम्ही दुसऱ्यांदा तीच चूक करणार होतो, ती मुलीने पकडली.

आधार आपल्यालाही लागतो. दर महिन्याच्या पाहणीला कोणी येईल तेव्हा "सगळे छान" म्हणून चहा पाजून पाठवू नये. तारीखवार वही ठेवावी, त्यात झोप, जेवण, ताप, भांडणे आणि प्रत्येक भेट कशी झाली हे लिहावे आणि ती वही पुढे करावी. समुपदेशकाची वेळ अडचण येण्याआधी मागावी, अडचण आल्यावर ती मिळायला उशीर होतो. दोन तास मुलाजवळ बसेल असा एक माणूस ठरवून त्याची माहिती कक्षाला द्यावी. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक फ्रिजवर चिकटवावा. दुसरे एखादे प्रतिपालक कुटुंब गाठावे, जिल्ह्यात नसेल तर शेजारच्या जिल्ह्यात.

परत जाण्याची तारीख कळली की मुलाला लगेच सांगावे, आदल्या रात्री नव्हे. दाखला, प्रगतिपुस्तक, कार्ड, औषधे, त्याचे कपडे चांगल्या बॅगेत. काळ्या कचऱ्याच्या पिशवीत कधीही नाही. भेटीचे वार लिहिलेला कागद बॅगेच्या वरच्या कप्प्यात, आणि त्याची एक प्रत जो कोणी त्याला घ्यायला येईल त्याच्या हातात, वाचून दाखवून.