‘येवल्याहून थेट’ मागवलेली साडी भलतीकडूनच आली? या चुका टाळा

माझ्या मावशीने सुनेसाठी ऑनलाइन पैठणी मागवली. जाहिरातीत हातमागाचे फोटो, मागावर बसलेले विणकर आणि ‘येवल्याच्या विणकराकडून थेट तुमच्या घरी’ असं ठळक अक्षरांत. पार्सल आलं, तिने आनंदाने पिशवी फाडली आणि ती घंटागाडीत गेली. संध्याकाळी पदर उलटून पाहिला तर मागे कापलेल्या धाग्यांची जाळी, म्हणजे यंत्रमागाचं काम. ट्रॅकिंग उघडलं, पहिली नोंद सुरतेची. विक्रेता म्हणाला, “ते कुरिअरचं काहीतरी असेल, माल येवल्याचाच आहे.” आमच्या हातात त्याला दाखवायला काहीच उरलं नव्हतं.

पार्सलची पिशवी फेकणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. माल कुठून निघाला याचा पुरावा साडीवर नसतो, तो पिशवीवरच्या चिठ्ठीवर असतो: पाठवणाऱ्याचं नाव, पार्सल न पोचल्यास परत पाठवायचा पत्ता, पिनकोड, कुरिअरचा क्रमांक. महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ या आकड्यांनी सुरू होतात; येवल्याचा ४२३४०१. सुरतेचे ३९ने. पिशवी फोडण्याआधी चिठ्ठीचा फोटो काढा आणि उघडताना सलग व्हिडिओ घ्या. ट्रॅकिंगच्या पानाचाही स्क्रीनशॉट त्याच दिवशी घ्या, कारण त्या नोंदी कायम राहत नाहीत. जाहिरातीचा घ्या तो पैसे भरण्याआधीच. तक्रार केली की जाहिरात गायब होते, हे आम्ही अनुभवलं.

जीएसटी क्रमांक न बघणं

पंधरा अक्षरांच्या त्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचा २७, गुजरातचा २४, दिल्लीचा ०७, गोव्याचा ३०. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर लॉगिन न करताही तो क्रमांक टाकून व्यवसायाचं नाव आणि पत्ता बघता येतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण मावशीनेच काय, मीही ते तोवर कधी केलं नव्हतं. छोट्या विणकराकडे जीएसटी नोंदणी नसेलही, म्हणून त्याला लगेच खोटं ठरवू नका. त्याच्याकडे गल्लीसह पूर्ण पत्ता मागा, मागावरच्या साडीचा व्हिडिओ कॉल करायला सांगा. खरा विणकर आनंदाने दाखवतो.

शब्दांकडे दुर्लक्ष

‘येवला स्टाइल’, ‘सेमी पैठणी’, ‘पैठणी डिझाइन’ हे शब्द मुद्दाम निवडलेले असतात. विक्रेता नंतर म्हणतो, आम्ही हातमाग म्हटलंच नव्हतं. दोन-तीन हजारांत हातमागाची रेशमी पैठणी येऊच शकत नाही; एका साडीला कित्येक आठवडे, नक्षीदार असेल तर महिने लागतात. हातमागाच्या पैठणीचा पदर आणि काठ उलट्या बाजूनेही जवळजवळ तसेच दिसतात, ही खूण लक्षात ठेवा. सिल्क मार्क हे लेबल रेशमाची खात्री देतं, हातमागाची नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो.

चुकीच्या मुद्द्यावर भांडणं

“पार्सल सुरतेहून आलं” एवढीच तक्रार टिकत नाही. गोदाम सुरतेत आणि साडी येवल्याची असूही शकते. सुरतेचा यंत्रमागाचा माल वाईट असतो असंही नाही. तो सुरतेचा म्हणून विकला तर कुणाची हरकत असायचं कारण नाही. तक्रार अशी लिहा: जाहिरातीत हातमाग आणि येवला म्हटलं होतं, मिळालेली साडी यंत्रमागाची आहे, हे फोटो. पार्सलचा पत्ता जोडपुरावा म्हणून द्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापार प्रथा या दोन्हींची तरतूद आहे.

परदेशी मालाचं वेगळं. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू कोणत्या देशातली, हे विक्रीच्या पानावर सांगावंच लागतं. ‘भारतातून रवाना’ म्हटलेल्या पार्सलचा टपाल क्रमांक सीएन या अक्षरांनी संपत असेल, तर ते चीनच्या टपालातून आलं आहे.

फोनवर बोलत बसणं

“दोनशे रुपये परत करतो, साडी ठेवून घ्या,” मग “पाचशे.” या घासाघिशीत परतीची मुदत टळते, आणि तेच त्यांना हवं असतं. पहिल्याच दिवशी लेखी कळवा आणि साडी परत घेऊन पूर्ण रक्कम मागा. मोठ्या संकेतस्थळावरून घेतली असेल तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करणं बंधनकारक आहे. पार्सल घेताना रोख दिली असेल तर कुरिअर कंपनीलाही लगेच मेल करा. पैसे विक्रेत्याकडे पोचायला बहुधा काही दिवस जातात.

तरीही ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग: तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते, विक्रेता कुठलाही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. मावशीची मुदत अजून आहे. पिशवी नाही, पण बँकेच्या नोंदीत पैसे गेल्याची तारीख आहे आणि साडी तशीच, घडी न मोडता ठेवली आहे.